आकडा स्थिर आहे, म्हणून खरा आहे का? बंदुकीची दारू मोजणारे छंदिष्ट आणि आपला प्रयोगशाळेतला बॅलन्स

तुम्ही पीएच.डी.ला प्रवेश घेतलात की पहिल्या आठवड्यात कुणीतरी सीनियर तुम्हाला बॅलन्स रूम दाखवेल. "हा आपला ॲनालिटिकल बॅलन्स, चार दशांश स्थळांपर्यंत दाखवतो, दारं लावून घे, काम झालं की ब्रशने साफ कर." झालं प्रशिक्षण! माझंही एवढंच झालं होतं. पुढची दीड वर्षं मी त्या चार दशांश स्थळांवर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि त्याची किंमत मोजली. ती गोष्ट पुढे सांगतेच. पण आज टीका करायची आहे ती वेगळ्याच लोकांच्या एका सल्ल्यावर, कारण बॅलन्सबद्दल मी सगळ्यात जास्त त्यांच्याकडून शिकले. चुकीचा सल्लासुद्धा नीट तपासला की बरंच शिकवून जातो.

हे लोक म्हणजे अमेरिकेतले रिलोडर्स. वापरून झालेली पितळी काडतुसं पुन्हा भरायची, हा तिथला जुना छंद. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे कुणी घरी करून बघायचा प्रश्नच येत नाही, आणि हा लेख त्या कृतीबद्दल नाहीच. मला रस आहे तो त्यांच्या वजनकाट्यात. जुनी काळी दारू मापाने, म्हणजे आकारमानाने भरायची पद्धत होती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू तयार केली. तिच्यात त्याच वजनात ऊर्जा खूप जास्त, त्यामुळे वजनातली चूक महाग पडायला लागली. थोडी जास्त भरली तर दाब वाढतो, फारच जास्त भरली तर बंदूक फुटते, आणि ती तेव्हा गालाजवळ धरलेली असते. आपण एखादं वजन चुकवलं तर फार तर आलेख बिघडतो. म्हणून हे लोक काट्याकडे ज्या संशयाने बघतात तो आपण शिकण्यासारखा आहे.

त्यांचं एकक ग्रेन. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि एक ग्रेन म्हणजे ६४.७९८९१ मिलिग्रॅम. त्यांचा नेहमीचा डिजिटल काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतो, म्हणजे साधारण ६.५ मिलिग्रॅम. पिस्तुलाच्या छोट्या काडतुसात समजा ५ ग्रेन दारू असेल तर शेवटच्या आकड्यातला एकचा फरक म्हणजे २ टक्के. रायफलच्या ४० ग्रेनमध्ये तोच फरक पाव टक्का.

आता त्यांचा सल्ला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, जवळजवळ स्तोत्रासारखा: काटा अर्धा तास आधी चालू करा, दर वेळी कॅलिब्रेट करा, पंखा बंद ठेवा, मोबाइल आणि ट्यूबलाइट लांब ठेवा, तपासणीचं वजन ठेवून बघा. यातलं काय टिकतं आणि काय टिकत नाही ते बघू.

"दर वेळी कॅलिब्रेट करा": सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा सल्ला

या काट्यांबरोबर बहुतेक वेळा २० किंवा ५० ग्रॅमचं वजन येतं. बटण दाबायचं, वजन ठेवायचं, काटा स्वतःला जुळवून घेतो. मन शांत होतं. पण ५० ग्रॅम म्हणजे जवळपास ७७२ ग्रेन, आणि मोजायचे आहेत ५ ग्रेन. या दोन गोष्टींचा संबंध किती?

इथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करायला शिका. एक चूक वजनाच्या प्रमाणात वाढते. हिला उताराची चूक म्हणू, कारण काट्याच्या आलेखाचा चढ थोडा चुकलेला असतो. दुसरी चूक वजन कितीही असलं तरी तेवढीच राहते. ती शून्याची चूक. कॅलिब्रेशनचं बटण मुख्यतः पहिली चूक दुरुस्त करतं.

आता गणित करून बघा. १०० ग्रॅम क्षमतेचा काटा घ्या आणि दोन्ही चुका ०.०१ टक्के धरा. उतार ०.०१ टक्क्याने चुकला तर ५ ग्रेनवर, म्हणजे ३२४ मिलिग्रॅमवर, चूक येते ०.०३ मिलिग्रॅम. काट्याचा शेवटचा आकडा ६.५ मिलिग्रॅमचा. ही चूक त्याला दिसणारसुद्धा नाही. पण शून्य जर पूर्ण क्षमतेच्या ०.०१ टक्क्याने सरकलं, तर ते सरकलं १० मिलिग्रॅमने. म्हणजे दीड आकडा, म्हणजे ५ ग्रेनच्या वजनात ३ टक्के! टक्केवारी तीच, पण एका ठिकाणी नगण्य आणि दुसऱ्या ठिकाणी घातक.

शून्य का सरकतं? या काट्यांत लोड सेल असतो, म्हणजे धातूची एक छोटी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज. पट्टी वाकली की गेजचा रोध अगदी किंचित बदलतो, आणि तो बदल व्हीटस्टन ब्रिजने पकडला जातो. हो, तोच व्हीटस्टन ब्रिज, जो आपण बारावीच्या प्रॅक्टिकलला मार्कांपुरता केला होता. तापमान बदललं की रोध बदलतो, पट्टी प्रसरण पावते, आणि काट्याला वाटतं वजन बदललं. म्हणून "अर्धा तास आधी चालू करा" हा सल्ला खणखणीत बरोबर आहे. यंत्र गरम होत असताना शून्य सरकत असतं. आणि नेमकं याच काळात कुणी घाईघाईने कॅलिब्रेट केलं, तर त्या क्षणाची अस्थिर अवस्थाच "बरोबर" म्हणून कोरली जाते.

माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कॅलिब्रेशन आणि ॲडजस्टमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात वजन ठेवून काटा काय दाखवतो ते बघणं आणि लिहून ठेवणं. ॲडजस्टमेंट म्हणजे काट्याला बदलणं. बटण दाबून आपण दुसरी गोष्ट करतो आणि तिला पहिलीचं नाव देतो. रोज सकाळी न बघता बटण दाबणारा माणूस रोज सकाळी पुरावा पुसतो. काल काटा किती भरकटला होता हे त्याला कधीच कळणार नाही, आणि काल भरलेल्या काडतुसांचं काय, हा प्रश्नही पडणार नाही. आधी वजन ठेवा, आकडा लिहा, तारीख टाका. मगच गरज असेल तर बटण दाबा. १९२४ मध्ये बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट मांडला, त्याच्या मुळाशी हेच आहे: नेहमीची थरथर आणि खरोखरचा बिघाड यांत फरक करायचा असेल तर नोंदींचा इतिहास लागतो. प्रत्येक थरथरीला दुरुस्त करत बसलात तर थरथर वाढतेच.

मग कॅलिब्रेशन निरुपयोगी का? नाही. काटा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला की ते हवंच. लोड सेल वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो, आणि गुरुत्व सगळीकडे सारखं नसतं. मुंबईत समुद्रसपाटीला जुळवलेला काटा पुण्यात आणला तर किंचित कमी दाखवेल. पण बघा, आपल्या ५ ग्रेनवाल्या माणसाला तेही जाणवणार नाही. तुमच्या चार दशांशांच्या बॅलन्सला मात्र नक्की जाणवेल. सल्ला कुणासाठी, कोणत्या वजनासाठी, हे विचारल्याशिवाय सल्ल्याला अर्थ नाही.

मोबाइल, ट्यूबलाइट आणि बाकीच्या अफवा

विद्युतचुंबकीय लहरींनी स्वस्त काट्यातलं इलेक्ट्रॉनिक्स विचलित होऊ शकतं, हे खरं. पण या छंदिष्टांच्या चर्चेत जितकं पाप मोबाइलच्या माथी मारलं जातं, तितकं हवेच्या झुळकीच्या माथी मारत नाहीत. माझा आक्षेप मोबाइलवर नाही, न मोजता मत बनवण्यावर आहे. मोबाइल शेजारी ठेवून तेच वजन दहा वेळा ठेवा, मग मोबाइल बाहेर ठेवून दहा वेळा. वीस आकडे, पंधरा मिनिटं. तेवढं केल्यावर बोला.

एक तक्रार मात्र मला पूर्ण पटते. थेंब थेंब टाकावी तशी ते दारूचे कण काट्यावरच हळूहळू टाकतात, आणि आकडा हलतच नाही. मग पॅन उचलून परत ठेवला की एकदम दोन-तीन आकड्यांची उडी! काटा खोटं बोलला का? काही काट्यांच्या प्रोग्रॅममध्ये स्थिर दिसणारा आकडा धरून ठेवायची सोय असते, नाहीतर शेवटचा अंक सारखा नाचत राहील. शून्याजवळ असाच ऑटो-झीरो चालतो: अगदी सावकाश होणारा बदल हा वजनाचा नसून शून्य सरकल्याचा आहे, असं यंत्र गृहीत धरतं. तुम्ही पुरेसे सावकाश असाल तर तुमचं खरं वजनही त्याच्या लेखी गोंगाटच. यावरून एक पक्की सवय लावून घ्या. शेवटचा आकडा घ्यायच्या आधी भांडं उचलून परत ठेवा. "स्टेबल"चं चिन्ह येणं म्हणजे आकडा स्थिर झाला, एवढंच. तो खरा आहे, असं ते चिन्ह म्हणत नाही.

त्यांच्याकडून उचलायच्या तीन गोष्टी

पहिली: रिकाम्या पॅनची युक्ती. पॅन ठेवून शून्य करायचं, मग पॅन उचलायचा. काटा उणे आकडा दाखवतो. तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून काट्याला चिकटवायचा. कामाच्या मध्ये जेव्हा जेव्हा पॅन उचलाल तेव्हा तोच उणे आकडा दिसला पाहिजे. बदलला, तर शून्य सरकलं. एक पैसा खर्च नाही, एक सेकंद वेळ नाही. आमच्या लॅबमध्ये चार वर्षांत मी हे कुणालाही करताना पाहिलं नव्हतं.

दुसरी: वापरायच्या वजनाच्या जवळचं तपासणीचं वजन. जाणकार रिलोडर ५० ग्रॅमवर समाधान मानत नाही, तो आपल्या मापाजवळचं छोटं वजन ठेवून बघतो. इथेही थोडी सावधगिरी हवी. काही जण अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं वापरतात, कारण ते ५ ग्रॅमचं असतं. पण खिशात झिजलेलं नाणं हे प्रमाण नाही. "कालच्याइतकंच दाखवतोय का" एवढं तपासायला ते चालेल, "बरोबर दाखवतोय का" हे तपासायला नाही. त्यासाठी वर्ग माहीत असलेलं वजन लागतं. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत २० ग्रॅमच्या वजनाला एम१ वर्गात २.५ मिलिग्रॅम, एफ१ मध्ये ०.२५ आणि ई२ मध्ये ०.०८ मिलिग्रॅमपर्यंतची चूक चालते. चार दशांशांचा बॅलन्स एम१ वजनाने तपासणं म्हणजे शिंप्याच्या टेपने मायक्रोमीटर तपासणं.

तिसरी: वेगळ्या तत्त्वावर चालणारा दुसरा काटा. अनेक जुने रिलोडर डिजिटलशेजारी दांडीचा काटा ठेवतात. यातले बरेच जुने काटे ओहाऊसने बनवलेले, म्हणजे आपल्या कॉलेजात ट्रिपल बीम बॅलन्सवर जे नाव दिसायचं तेच. दांडीचा काटा वजनाची तुलना वजनाशी करतो, म्हणून गुरुत्वाचा फरक दोन्ही बाजूंना सारखाच लागू होऊन कटतो. त्याला तापायला वेळ लागत नाही. तो वेगळ्या पद्धतीने चुकतो, उदाहरणार्थ सुरीच्या धारेवर धूळ बसली तर. दोन साक्षीदार वेगवेगळ्या कारणांनी चुकणारे असतील तरच त्यांच्या एकमताला किंमत. एकाच कंपनीचे दोन डिजिटल काटे एकाच एसीखाली ठेवून ते जुळतात म्हणणं ही साक्ष नव्हे.

जिथे ते स्वतःच वाहवत जातात

दुसऱ्या टोकाला लांब पल्ल्याचे नेमबाज ०.०२ ग्रेनच्या, म्हणजे १.३ मिलिग्रॅमच्या मागे लागलेले असतात. इथे चुकांचा हिशेब मांडायला हवा. समजा बाकीच्या कारणांनी, म्हणजे काडतुसाचं आतलं आकारमान, प्रायमर, तापमान वगैरेंनी, एकूण १ टक्का फरक पडतो आणि वजनामुळे ०.२५ टक्का. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका वर्गांच्या बेरजेने मिळतात. एकूण येतो १.०३ टक्के. आता वजन अगदी परिपूर्ण केलं, चूक शून्य, तरी उरतो १ टक्का. महागडा काटा घेऊन तुम्ही ०.०३ विकत घेतलं. सगळ्यात मोठी चूक सोडून सगळ्यात सोपी चूक घासत बसणं, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि संशोधकही माणूसच.

आता माझी गोष्ट

मी उलट्या बाजूने चुकले. माझ्या दुसऱ्या वर्षी मी कोळशापासून केलेल्या शोषकावर पाण्यातलं रंगद्रव्य किती चिकटतं ते मोजत होते. दर फ्लास्कमध्ये १० मिलिग्रॅम शोषक. बॅलन्स ०.१ मिलिग्रॅमचा, वर कॅलिब्रेशनचं ताजं स्टिकर. जुलैतली शोषणक्षमता जानेवारीपेक्षा जवळपास ५ टक्के कमी आली. मी खूश! कारण शोधलं, स्पष्टीकरण लिहिलं, परिषदेसाठी पोस्टरचा सारांशही पाठवला. मॅडमनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला, "या बॅलन्सची रिपीटेबिलिटी किती आहे गं?"

मला माहीत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा एकच वजन दहा वेळा ठेवलं. प्रमाण विचलन आलं ०.३ मिलिग्रॅम. वर एसीचा झोत, त्याच टेबलावर सोनिकेटर. दुप्पट विचलन म्हणजे ०.६ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅमवर ६ टक्के. मी ज्या ५ टक्क्यांचं स्पष्टीकरण लिहिलं होतं ते बॅलन्सच्या थरथरीत मावत होते. त्यात कोळसा पावसाळ्यात हवेतली ओल घेतो, म्हणजे जुलैतल्या १० मिलिग्रॅममध्ये कोळसा कमी आणि पाणी जास्त. बॅलन्स मुंबईला नेऊन दाखवला असता तरी ही चूक दिसली नसती.

पोस्टर मागे घेतलं. बॅलन्स कोपऱ्यात दगडी ओट्यावर हलवला, विचलन ०.१ वर आलं. शोषक ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये पूर्ण गार करून, झाकणाच्या बाटलीत तोलायला लागले. गरम भांडं तोलू नका, त्याच्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी भासतं. द्रावण दहापट केलं आणि शोषक १०० मिलिग्रॅम. फरक गेला. चार महिनेही गेले. मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

औषधांच्या क्षेत्रात याचा साधा नियम आहे, यूएसपीच्या ४१व्या प्रकरणात. नेमकं वजन हवं असेल तर किमान दहा वेळा तोलून प्रमाण विचलन काढा. त्याची दुप्पट ही तुमच्या वजनाच्या ०.१० टक्क्यापेक्षा जास्त नको. म्हणजे किमान वजन बरोबर विचलनाच्या २००० पट. आणि विचलन कितीही लहान आलं, अगदी शून्य आलं, तरी ते शेवटच्या आकड्याच्या ०.४१ पटीपेक्षा कमी धरायचं नाही. हा ०.४१ कुठून आला? प्रत्येक वजनात दोनदा पूर्णांकन होतं, एकदा शून्याला आणि एकदा वजनाला. एका पूर्णांकनाचं विचलन आकड्याच्या १/√१२ पट, दोन मिळून १/√६, म्हणजे ०.४१. त्यामुळे ०.१ मिलिग्रॅमचा बॅलन्स स्वर्गात ठेवला तरी या नियमाने त्याच्यावर ८२ मिलिग्रॅमपेक्षा कमी तोलता येत नाही. माझ्या लॅबमधल्या स्थितीत ती मर्यादा ६०० मिलिग्रॅम होती, आणि मी तोलत होते १०.

प्रत्येक प्रयोगाला ०.१ टक्का लागतोच असं नाही. तुमच्या कामाला ५ टक्के पुरत असतील तर तसं ठरवा, पण ठरवा आणि लिहा. आपल्या बहुतेक प्रबंधांत "नमुना अचूक तोलून घेतला" एवढंच वाक्य असतं. ज्याच्या गालाजवळ बंदूक असते तो माणूस हे वाक्य मान्य करणार नाही. आपणही करायला नको.

तुम्ही नेट-सेटचा अभ्यास करत असाल, अजून लॅब मिळाली नसेल, तर हे लक्षात ठेवा. लॅब मिळाली की पहिल्या आठवड्यात हे करा: बॅलन्सची पाणसळ बघा, वर एसीचा झोत आहे का बघा, वजनांच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा (ती सापडायलाच दोन दिवस जातात). तुमच्या नेहमीच्या मापाजवळचं एक वजन दहा वेळा ठेवा, विचलन काढा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मुलाखतीत कुणी विचारलं की तुमच्या मोजमापात किती चूक आहे, तर "सर, बॅलन्सवर स्टिकर आहे" असं उत्तर द्यायची वेळ येणार नाही.